जमीन घेण्यापूर्वी न्यायालयातील दाव्याची नोंद पाहा



नवीन फळबाग लावायची म्हटली की आपण प्रथम जमीन पाहतो. खड्डा घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहतो, मातीतील चुनखडी आणि विहिरीच्या पाण्यातील क्षार तपासून घेतो. ही सवय आता बऱ्याच गावांत रुजली आहे. परंतु ज्या जमिनीवर पंधरा-वीस वर्षांची बाग उभी करायची, त्या जमिनीबद्दल एखादा दावा न्यायालयात चालू आहे काय, हे मात्र फार थोडे शेतकरी तपासतात. सातबारा पाहिला, आठ-अ पाहिला, चार लोकांना विचारले आणि इसार दिला, अशीच पद्धत सर्वत्र आढळते.

मी कृषिविद्येचा शिक्षक आहे, कायद्याचा नाही. तरीही या विषयावर लिहितो आहे, याला आमच्याच घरातला अनुभव कारण आहे.

सन २०१३ मध्ये वडिलांनी बांधाला लागून असलेली एक एकर जमीन खरेदी केली. सातबारा स्वच्छ होता. विकणारे गृहस्थ ओळखीचे होते. खरेदीखत झाले, फेरफार मंजूर झाला आणि साडेचार बाय तीन मीटर अंतरावर डाळिंबाची तीनशे रोपे लावली. २०१५ साली पहिला बहार धरला आणि त्याच हंगामात न्यायालयाचे समन्स घरी आले. विकणाऱ्याच्या बहिणीने वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा २०११ सालीच दाखल केला होता. म्हणजे आमच्या खरेदीच्या दोन वर्षे आधी. आता त्या दाव्यात वडिलांनाही प्रतिवादी करण्यात आले होते.

बहिणीचे काही चुकले नव्हते. तिचा हिस्सा कायद्याने तिचा होता. चूक आमची होती. तो दावा न्यायालयाच्या नोंदवहीत दोन वर्षे उघडपणे नोंदलेला होता आणि आम्ही ती नोंद कधी पाहिलीच नव्हती. पुढे २०१८ मध्ये लोकअदालतीत तडजोड झाली. बहिणीला तिच्या हिश्श्याचे पैसे दिले आणि बाग वाचली. परंतु जमिनीची किंमत आम्ही जवळजवळ दीड वेळा मोजली, आणि मधली तीन वर्षे वडिलांनी त्या बागेत ठिबकचे जुने संचही बदलले नाहीत. जमीन राहते की जाते हेच ठाऊक नसेल तर माणूस तिच्यात खर्च कसा करणार?

हा प्रसंग आपल्यावर येऊ नये, म्हणून न्यायालयातील नोंद कशी शोधावी आणि नक्कल कशी मागावी याची माहिती पुढे क्रमाने दिली आहे.

चालू दाव्यातील जमीन घेतल्यास काय होते?

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५२ चा आशय असा आहे की, स्थावर मालमत्तेच्या हक्काबद्दल दावा चालू असताना पक्षकाराने ती मालमत्ता विकली, तरी त्या विक्रीमुळे दुसऱ्या पक्षकाराच्या हक्काला बाध येत नाही. साध्या शब्दांत, दाव्याचा जो निकाल लागेल तो जमीन घेणाऱ्यालाही लागू पडतो. “मला दाव्याची माहिती नव्हती” हे सांगून सहसा सुटका होत नाही. या कलमाला आपल्या राज्याची दुरुस्ती आहे व ती दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदविण्यासंबंधी आहे. आपल्या जमिनीला ती कशी लागू पडते हे वकिलांना जरूर विचारावे. मात्र नोटीस नोंदलेली नाही एवढ्यावर विसंबून व्यवहार करू नये.

सातबाऱ्याच्या इतर हक्कात दाव्याची नोंद असेलच असे नाही. दावा न्यायालयात दाखल होतो आणि सातबारा महसूल खात्यात तयार होतो. एका ठिकाणची घटना दुसऱ्या ठिकाणी आपोआप उमटत नाही. म्हणून दोन्ही ठिकाणी पाहणे भाग आहे.

हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात तो अधिक स्पष्ट केला. वडिलोपार्जित जमीन घेताना विकणाऱ्याच्या बहिणींची नावे व त्यांचे दावे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

१. नोंद कोणत्या कार्यालयात शोधावी?

जमिनीचे वाद दोन वेगवेगळ्या वाटांनी चालतात.

(अ) दिवाणी न्यायालये : मालकी, वाटप, कराराची पूर्तता, ताबा, मनाई हुकूम असे दावे येथे चालतात. तालुक्याच्या ठिकाणी बहुधा दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांचे न्यायालय असते. दाव्याचे मूल्यांकन जास्त असल्यास तो वरिष्ठ स्तराकडे जातो आणि हे न्यायालय तालुक्यात नसून दुसऱ्या गावी असू शकते. आमच्या बाबतीत असेच झाले होते. तालुक्याच्या न्यायालयात विचारले असते तरी दावा सापडला नसता, कारण तो जिल्ह्याच्या ठिकाणी वरिष्ठ स्तराकडे होता. अपिले जिल्हा न्यायालयात व त्यापुढे उच्च न्यायालयात जातात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील सर्किट बेंच सुरू झाले आहे.

(आ) महसूल अधिकारी : फेरफारावरील हरकती व अपिले (यांना आर.टी.एस. अपील म्हणतात), कूळकायद्याची प्रकरणे, रस्ता व पाण्याच्या अडथळ्यासंबंधी मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ खालील दावे ही प्रकरणे तहसीलदार, उपविभागीय अधिकारी, जिल्हाधिकारी अशा क्रमाने चालतात. फेरफारावर हरकत आली असल्यास तलाठ्याकडील गाव नमुना ६-अ, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांची नोंदवही, यात ती नोंदलेली असते. ही वही पाहण्यास विसरू नये.

आपला तालुका नवा असेल किंवा न्यायालय अलीकडे सुरू झाले असेल, तर जुने दावे पूर्वीच्या तालुक्याच्या न्यायालयात असण्याचा संभव असतो. गाव पूर्वी कोणत्या न्यायालयाच्या हद्दीत होते हे वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे.

२. दाव्याचा क्रमांक कसा मिळवावा?

न्यायालयात दाखल होणारा प्रत्येक दिवाणी दावा दावा-नोंदवहीत नोंदला जातो. त्याला त्या वर्षातील अनुक्रमांक मिळतो. म्हणून दाव्याची ओळख प्रकार, क्रमांक आणि वर्ष या तीन गोष्टींनी होते. उदाहरणार्थ, ‘रे.मु.नं. १४५/१९८७’ याचा अर्थ १९८७ सालातील १४५ क्रमांकाचा नियमित दिवाणी दावा. या तिन्हींपैकी एक जरी चुकले तरी दुसऱ्याचेच प्रकरण हाती येते.

नेहमी आढळणारी संक्षिप्त रूपे अशी :

• रे.मु.नं. किंवा आर.सी.एस. : नियमित दिवाणी दावा
• स्पे.मु.नं. किंवा स्पेशल सी.एस. : विशेष दिवाणी दावा
• आर.सी.ए. : नियमित दिवाणी अपील
• रे.द. किंवा आर.डी. : दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी
• एल.ए.आर. : भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचे प्रकरण

क्रमांक ठाऊक नसल्यास पुढील कागद चाळावेत.

• गाव नमुना ६ मधील जुने फेरफार. ‘दिवाणी न्यायालयाच्या अमुक क्रमांकाच्या हुकूमनाम्यावरून नोंद’ असे शब्द त्यात पुष्कळदा आढळतात.
• सातबाऱ्यावरील इतर हक्काचा रकाना. जुने हस्तलिखित सातबारेही पाहावेत.
• दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक २. दाव्याची नोटीस नोंदलेली असल्यास ती येथे दिसते.
• घरातील जुनी समन्से, वकिलांच्या पावत्या आणि नोटिसा.
• त्या जमिनीवर पूर्वी कर्ज घेतले असल्यास त्या वेळचा शोध अहवाल.

वकिलाकडून शोध अहवाल करून घेताना एक गोष्ट स्पष्ट विचारावी. पुष्कळ अहवाल फक्त दुय्यम निबंधकाकडील तीस वर्षांच्या नोंदींवर आधारलेले असतात. “न्यायालयातील दाव्यांचा शोधही घेतला आहे काय?” असे विचारावे व तसे अहवालात लिहून घ्यावे.

३. संगणकावर शोध

जिल्हा व तालुका न्यायालयांतील दाव्यांची माहिती आता ‘ई-कोर्ट्स सेवा’ या सरकारी संकेतस्थळावर व त्याच नावाच्या मोबाईल ॲपवर विनामूल्य पाहता येते. ज्यांना हे जमत नाही त्यांनी मुलांची मदत घ्यावी किंवा न्यायालयाच्या आवारातील ई-सेवा केंद्रात विचारावे. कृती अशी :

(१) राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडावे.
(२) ‘पक्षकाराचे नाव’ हा पर्याय घ्यावा. नाव आणि वर्ष भरावे.
(३) प्रलंबित आणि निकाली असे दोन्ही प्रकार पाहावेत. दावा निकाली निघाला म्हणजे वाद संपला असे नाही. त्यावर अपील किंवा दरखास्त चालू असू शकते.
(४) यादीतून प्रकरण उघडल्यावर दाखल तारीख, पुढील तारीख, दाव्याचा टप्पा, पक्षकार व वकिलांची नावे आणि झालेले आदेश दिसतात.
(५) त्याच ठिकाणी सोळा अक्षर-अंकांचा सी.एन.आर. क्रमांक असतो. यात पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढील दोन जिल्ह्याची, नंतर न्यायालयाचा संकेतांक, अनुक्रमांक आणि शेवटी वर्ष असते. पुणे जिल्ह्यातील क्रमांक ‘एमएचपीयू’ या अक्षरांनी सुरू होतो. हा क्रमांक वहीत टिपून ठेवावा. पुढच्या वेळी तेवढ्यावरच प्रकरण सापडते.

शोध घेताना पुढील काळजी घ्यावी.

• नाव इंग्रजीत भरताना स्पेलिंगचा फरक पडतो. शिवाजी, विठ्ठल, ज्ञानेश्वर ही नावे वेगवेगळ्या प्रकारे लिहिली जातात. पूर्ण नावाऐवजी पहिली काही अक्षरे भरून पाहावीत, मग आडनावाने पाहावे.
• केवळ विकणाऱ्याचे नाव पाहून थांबू नये. त्याचे वडील, आजोबा, भाऊ, बहिणी, चुलते यांची नावेही तपासावीत. यादीत सहसा पहिल्या वादीचे व पहिल्या प्रतिवादीचेच नाव दिसते.
• बहिणींचे नाव माहेरचे आणि सासरचे असे दोन्ही प्रकारे पाहावे.
• शोध एका वर्षापुरता होतो. म्हणून निदान गेल्या पंधरा-वीस वर्षांतील प्रत्येक वर्ष स्वतंत्र पाहावे. एक संध्याकाळ जाईल, पण ती वाया जाणार नाही.
• नावे जुळली तरी जमीन तीच आहे असे धरू नये. गट नंबर दाव्याच्या कागदात पाहून ताडून घ्यावा. एकाच नावाची दोन माणसे प्रत्येक तालुक्यात असतात.

महसूल खात्यातील प्रकरणांसाठी ‘ईक्यूजे कोर्ट’ ही स्वतंत्र प्रणाली आहे. तीही पाहावी.

संगणकावर काही सापडले नाही म्हणजे दावा नाहीच, असा अर्थ काढू नये. फार जुनी निकाली प्रकरणे संगणकावर चढलेली नसतात. तसेच संगणकावरून काढलेली आदेशाची प्रत माहितीसाठी उपयोगी पडते, परंतु ती सहीशिक्क्याची नक्कल नव्हे. फेरफारासाठी व अपिलासाठी सहीशिक्क्याचीच नक्कल मागून घ्यावी.

४. न्यायालयात पाहणी व नक्कल अर्ज

न्यायालयातील कागद पाहण्यासाठी पाहणी अर्ज आणि प्रत मिळविण्यासाठी नक्कल अर्ज द्यावा लागतो. शक्य असल्यास आधी पाहणी करावी. कोणत्या कागदाची गरज आहे हे पाहणीतच कळते आणि नको त्या नकलांचा खर्च वाचतो.

दाव्यातील पक्षकाराला नक्कल मागण्याचा हक्क आहे. त्रयस्थ व्यक्तीने, उदाहरणार्थ जमीन घेऊ इच्छिणाऱ्याने, आपल्याला नक्कल कशासाठी हवी आहे याचे कारण अर्जात लिहावे. अशा अर्जावर न्यायाधीशांचा आदेश लागू शकतो. चालू दाव्यापेक्षा निकाली दाव्यातील निकालपत्राची नक्कल त्रयस्थाला मिळणे सोपे जाते. चालू दाव्याच्या बाबतीत सर्वांत सरळ मार्ग म्हणजे विकणाऱ्यालाच सांगावे की, “तुम्ही पक्षकार आहात, तुमच्या नावाने नक्कल काढून द्या.” त्याने टाळाटाळ केली तर तेच आपले उत्तर समजावे.

काही शेतकरी यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करतात. दिवाणी दाव्याच्या कागदांसाठी तो मार्ग नाही. न्यायालयीन कामकाजाच्या नकला उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० च्या निकालात स्पष्ट केले आहे.

अर्जाचा साधा नमुना :

मा. दिवाणी न्यायाधीश, (कनिष्ठ / वरिष्ठ) स्तर, ............ यांचे न्यायालयात

विषय : सहीशिक्क्याच्या नकला मिळणेबाबत.

अर्जदार : ............ राहणार ............ तालुका ............

प्रकरण : दाव्याचा प्रकार ............ क्रमांक ............ वर्ष ............
वादी : ............ प्रतिवादी : ............
दावा प्रलंबित / निकाली, निकाल तारीख : ............

वरील प्रकरणातील खालील कागदांच्या नकला मिळाव्यात :
(१) ............ निशाणी क्रमांक ............
(२) ............ निशाणी क्रमांक ............

अर्जदार हा प्रकरणात (वादी / प्रतिवादी / वारस / त्रयस्थ) आहे.
नक्कल मागण्याचे कारण : ............
लागणारी फी भरण्यास तयार आहे.

तारीख ............ सही ............

अर्जावर नियमाप्रमाणे कोर्ट फी स्टॅम्प लावावा लागतो आणि नकलेची फी पानांच्या संख्येवर ठरते. दर खिडकीवर विचारून घ्यावेत व भरलेल्या रकमेची पावती घ्यावी. लवकर नक्कल हवी असल्यास तातडीच्या नकलेची वेगळी फी असते. अर्जाचा क्रमांक टिपून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

दावा जुना असेल तर कागद अभिलेख कक्षात बस्त्यात बांधलेले असतात. हा कक्ष त्याच न्यायालयाचा किंवा जिल्हा न्यायालयाचा असू शकतो. अपील झाले असेल तर मूळ कागद वरच्या न्यायालयात गेलेले असतात आणि नक्कल तेथे मागावी लागते. किरकोळ कागद ठराविक मुदतीनंतर नष्ट केले जातात, हेही ध्यानात ठेवावे. आपले मूळ खरेदीखत किंवा वाटणीपत्र दाव्यात हजर केले असेल, तर निकाल लागून अपिलाची मुदत संपल्यावर ते परत मागण्याचा अर्ज करावा. अनेक घरांतील अस्सल कागद केवळ मागितले नाहीत म्हणून बस्त्यात पडून आहेत.

जुन्या काळातील कागद पश्चिम महाराष्ट्रात मोडी लिपीत आणि मराठवाड्यात उर्दूत असण्याचा संभव असतो. ते जाणकाराकडून वाचून घ्यावेत. अंदाजाने अर्थ लावू नये.

५. कोणत्या कागदांच्या नकला घ्याव्यात?

सर्व कागदांची गरज नसते. पुढील कागद पुरेसे होतात.

• दाव्याचा अर्ज : यात वाद काय आहे आणि कोणते गट नंबर वादात आहेत ते समजते. चतुःसीमा आणि क्षेत्र आपल्या सातबाऱ्याशी ताडून पाहावे.
• कैफियत : प्रतिवादीचे म्हणणे.
• निशाणी ५ वरील आदेश : तूर्तातूर्त मनाईचा अर्ज बहुधा या निशाणीवर असतो. जमीन विकण्यास मनाई झाली आहे काय, हे येथे कळते.
• रोजनामा : प्रत्येक तारखेला काय घडले याची नोंद. दावा खरोखर चालू आहे की नुसता पडून आहे, हे यावरून समजते.
• निकालपत्र व हुकूमनामा : निकालपत्रात कारणे असतात आणि हुकूमनाम्यात कोणाला काय मिळाले ते असते. फेरफारासाठी दोन्ही घ्यावेत.

६. तारखांचे महत्त्व

पेरणीची वेळ टळली की उत्पन्न घटते, अपिलाची वेळ टळली की हक्कच अडचणीत येतो. पुढील मुदती लक्षात ठेवाव्यात.

• दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील : ३० दिवस
• उच्च न्यायालयात अपील : ९० दिवस
• एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज : ३० दिवस. समन्स रीतसर बजावलेले नसल्यास हुकूमनामा समजल्या दिवसापासून मोजतात.
• जमीन महसूल संहितेखाली जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर अपील : ६० दिवस
• ताब्याच्या हुकूमनाम्याची दरखास्त : १२ वर्षे

मुदत कायदा, १९६३ च्या कलम १२ प्रमाणे नक्कल तयार होण्यास लागलेला काळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो. समजा निकाल १ जुलैला लागला. तीस दिवसांची मुदत ३१ जुलैला संपते. ५ जुलैला नक्कल अर्ज दिला आणि १५ जुलैला नक्कल तयार झाली, तर ते अकरा दिवस वगळून ११ ऑगस्टपर्यंत अपील करता येते. परंतु तयार झालेली नक्कल आपण लावणीच्या गडबडीत ३० जुलैला आणली, तर मधले पंधरा दिवस आपल्याच खाती जातात. अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि दिल्याची तारीख या तिन्ही नकलेवर लिहिलेल्या असतात. त्या बरोबर आहेत काय हे खिडकीवरच पाहून घ्यावे. उशीर झालाच तर उशीर माफीचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच अशी खात्री नसते.

७. नक्कल मिळाल्यानंतर

हुकूमनामा पेटीत ठेवून भागत नाही. त्यावरून मिळालेला हक्क तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवून फेरफार नोंदवून घ्यावा. शेतजमिनीच्या वाटपाच्या हुकूमनाम्यात प्रत्यक्ष हिस्से पाडण्याचे काम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. म्हणून न्यायालयात दावा ‘निकाली’ दिसत असला, तरी मोजणी व हिस्सेवाटप महसूल खात्यात बाकी असू शकते. अशी जमीन विकत घेताना दोन्हीकडील स्थिती पाहावी.

आपल्याविरुद्ध कोणी दावा लावून एकतर्फी मनाई घेईल अशी शंका असल्यास दिवाणी न्यायालयात कॅव्हेट दाखल करता येते. ते ९० दिवस लागू राहते. मुदत संपली की पुन्हा द्यावे लागते.

वकिलाचा खर्च झेपत नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती तसेच उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारे शेतकरी यांना मोफत कायदेशीर मदत मिळते. वाद आपसात मिटण्यासारखा असेल तर लोकअदालतीचा विचार जरूर करावा. तेथील निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील नसते, म्हणून सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचून घ्यावा.

इसार देण्यापूर्वी पाहावयाच्या गोष्टी

(१) चालू सातबारा, जुने सातबारे व सर्व फेरफार
(२) गाव नमुना ६-अ
(३) दुय्यम निबंधकाकडील तीस वर्षांची सूची
(४) ई-कोर्ट्सवर कुटुंबातील प्रत्येकाचे नाव, प्रलंबित व निकाली
(५) तालुक्याचे व वरिष्ठ स्तराचे, दोन्ही न्यायालये
(६) महसूल प्रकरणे
(७) सापडलेल्या प्रत्येक दाव्याचा अर्ज, रोजनामा व शेवटचा आदेश
(८) वर्तमानपत्रात जाहीर नोटीस
(९) सर्व कागद वकिलांना दाखवून लेखी अभिप्राय

या कामाला दोन-तीन फेऱ्या, थोडी फी आणि एक-दोन संध्याकाळी एवढेच लागते. आमच्या त्या दाव्याचा शोध पुढे मी संगणकावर स्वतः घेऊन पाहिला. विकणाऱ्याच्या वडिलांचे आडनाव आणि वर्ष भरले आणि पाच मिनिटांत तो समोर आला. त्या पाच मिनिटांच्या अभावी वडिलांना तीन वर्षे तारखांना जावे लागले.

यंदा आपल्यापैकी जे कोणी जमीन घेणार असतील, त्यांनी मातीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतानाच विकणाऱ्याच्या घरातील नावांची यादी करावी आणि ती न्यायालयाच्या नोंदीशी ताडून पाहावी. रोपांची मागणी नोंदवायची ती त्यानंतर.